चलबीजाणू जिवंत कसे पाहावेत: पाणबुरशी, शैवाले आणि शेतातील रोगकारकांसाठी कृतिमार्गदर्शन

चलबीजाणू, म्हणजेच झूस्पोअर, हा शैवालांच्या आणि पाण्यात वाढणाऱ्या बुरशींच्या आयुष्यातला अगदी थोड्या वेळाचा टप्पा आहे. तो बीजाणुकोशातून बाहेर पडतो, एक किंवा अनेक कशाभिकांच्या (पोहण्यासाठीच्या, चाबकासारख्या बारीक शेपट्यांच्या) साहाय्याने काही मिनिटे ते काही तास पोहतो, एखाद्या जागी स्थिरावतो, कशाभिका टाकून देतो किंवा आत ओढून घेतो, गोल होतो, स्वतःभोवती भिंत तयार करतो आणि मग अंकुरतो. पोहण्याच्या काळात त्याला पेशीभित्तिका नसते. पाणबुरशीचा चलबीजाणू या काळात काही खातही नाही. बीजाणुकोशातून बरोबर आणलेल्या साठ्यावरच त्याचा सारा प्रवास होतो.

वनस्पतिशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याने चलबीजाणूची आकृती वहीत काढलेली असते, पण जिवंत चलबीजाणू पाहिलेले विद्यार्थी फार थोडे असतात. तळ्यातल्या पाण्याचा थेंब काचपट्टीवर घेऊन तो सापडेल, अशी समजूत हे याचे मुख्य कारण आहे. त्या थेंबात पोहणारे जीव भरपूर दिसतात, परंतु त्यांपैकी बहुतेक प्रजीव (एकपेशीय सूक्ष्मजीव, प्रोटोझोआ) असतात आणि आकाराने व हालचालीने ते चलबीजाणूंसारखेच भासतात. त्यामुळे या कामात एक नियम काटेकोरपणे पाळावा: ज्याला बीजाणुकोशातून बाहेर पडताना पाहिले, किंवा ज्याला स्थिरावून अंकुरताना पाहिले, त्यालाच चलबीजाणू म्हणावे. या लेखातील सर्व कृती त्या नियमाभोवती रचलेल्या आहेत. आधी जनक जीव वाढवायचा, मग त्याला बीजाणू सोडण्यास भाग पाडायचे आणि ती वेळ साधून सूक्ष्मदर्शकाशी बसायचे.

कोणत्या जिवांकडे चलबीजाणू असतात

प्रयोगाला हात घालण्यापूर्वी हे ठाऊक असले की आठवडे वाया जात नाहीत. तळ्यात, विहिरीत किंवा टाकीत सर्वांत सहज मिळणारे गुळगुळीत, बुळबुळीत हिरवे शेवाळ बहुधा स्पायरोगायरा असते आणि स्पायरोगायराच्या जीवनचक्रात कशाभिका असलेली एकही अवस्था नाही. नीलहरित शैवाले आणि लाल शैवाले यांच्याकडेही ती नसते. त्याचप्रमाणे भाकरीवर येणारी काळी बुरशी किंवा लोणच्यावरचा बुरा कितीही काळ पाण्यात ठेवला तरी त्यातून चलबीजाणू निघणार नाहीत. त्यांचे बीजाणू हवेतून पसरतात.

चलबीजाणू मिळतात ते इडोगोनियम, यूलोथ्रिक्स, क्लॅडोफोरा, व्हॉशेरिया यांसारख्या शैवालांत. सॅप्रोलेग्निया, अ‍ॅक्लिया, पिथियम, फायटॉप्थोरा आणि द्राक्षावरच्या केवडा रोगाचा रोगकारक अशा ऊमायसीट गटातील जिवांत. आणि कायट्रिड व त्यांच्या जवळच्या गटांतील खऱ्या बुरशींत. ऊमायसीटांना व्यवहारात बुरशी म्हटले जाते आणि या लेखातही त्यांना पाणबुरशी म्हटले आहे; मात्र वंशाच्या दृष्टीने ते तपकिरी शैवाले आणि डायटम यांच्या जवळचे आहेत. याची खूण चलबीजाणूतच दिसते. ऊमायसीटांच्या चलबीजाणूला दोन कशाभिका असतात, एक पुढे रोखलेली व सूक्ष्म केसांनी युक्त आणि दुसरी मागे ओढली जाणारी, गुळगुळीत. कायट्रिडाच्या चलबीजाणूला मागच्या टोकाला एकच गुळगुळीत कशाभिका असते. हिरव्या शैवालांत दोन, चार किंवा पुष्कळ कशाभिका असतात, पण त्या सर्व सारख्या असतात आणि पुढच्या टोकाला किंवा त्याभोवती लागलेल्या असतात.

साहित्य आणि पाणी

दहापट नेत्रभिंग आणि दहापट व चाळीसपट वस्तुभिंगे असलेला महाविद्यालयीन सूक्ष्मदर्शक या कामाला पुरेसा आहे. याशिवाय काचेच्या पेट्री डिश, ड्रॉपर, चिमटा, दोन सुया, साध्या व खळगा असलेल्या काचपट्ट्या, आच्छादन काचा, गाळणकागद, तापमापक आणि आयोडीनचे द्रावण लागते. वेळ टिपण्यासाठी आणि चित्रणासाठी मोबाइल चालतो.

पाण्याची निवड मात्र जपून करावी, कारण बहुतेक अपयशाचे मूळ तिथेच असते. नळाच्या पाण्यातील क्लोरीन चलबीजाणूंना मारतो. भित्तिका नसलेल्या या पेशी तांब्याच्या आयनांनाही फार लवकर बळी पडतात, म्हणून तांब्याच्या कळशीतले किंवा पितळी तोटीत रात्रभर साचून राहिलेले पाणी वापरू नये. स्वच्छ तळ्याचे किंवा ओढ्याचे पाणी आणून गाळणकागदातून गाळावे, दहा मिनिटे उकळावे, झाकून थंड करावे आणि वापरण्यापूर्वी बाटली जोराने हलवून त्यात पुन्हा हवा मिसळू द्यावी. त्यात तितकेच ऊर्ध्वपातित पाणी घातल्यास ते अधिक उपयोगी पडते, कारण क्षार आणि अन्नद्रव्ये कमी असलेले पाणी बीजाणू सुटण्यास चालना देते. पुढे ‘निर्जंतुक पाणी’ असा उल्लेख येईल तेथे हेच पाणी समजावे.

पाणबुरशीला आमिष लावणे

सुरुवात पाणबुरशीपासून करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. ती जवळजवळ प्रत्येक तळ्यात असते, तिचे बीजाणुकोश मोठे असतात आणि बीजाणू सुटण्याची क्रिया डोळ्यांसमोर, काही सेकंदांत घडते.

शेततळे, पाझर तलाव, संथ ओढा किंवा कोकणातील सड्यावरचे डबके, यांपैकी कोठूनही काठाजवळचे पाणी घ्यावे आणि त्यात कुजणारी काडी, पान व थोडा गाळ येऊ द्यावा. सांडपाणी मिसळलेली जागा टाळावी, कारण तेथे जिवाणू इतके असतात की आमिष सडून जाते. बाटली अर्धीच भरावी, उन्हात ठेवू नये आणि त्याच दिवशी आमिष लावावे. प्रत्येक बाटलीवर ठिकाण, तारीख आणि पाण्याचे तापमान लिहावे.

आमिष म्हणून जगभरच्या प्रयोगशाळांत भांगेचे बी वापरतात. आपल्याकडे तीळ सहज मिळतो आणि तोही चांगला चालतो. तीळ दहा मिनिटे उकळावेत, म्हणजे त्यांतील मूळचे जीव मरतात आणि टरफल सैल होते. डिशमध्ये सुमारे एक सेंटिमीटर उंचीपर्यंत गोळा केलेले पाणी घालून त्यावर चार-पाच तीळ तरंगत सोडावेत. जास्त बी टाकण्याचा मोह आवरावा. बी वाढले की जिवाणू वाढतात, पाणी गढूळ होते आणि पाणबुरशी गुदमरते. मेलेली माशी किंवा मुंगीही आमिष म्हणून उत्तम असते. कायट्रिड हवे असतील तर सापाची कात, केस, सेलोफेनचा तुकडा किंवा चीड वृक्षाचे पराग वेगळ्या डिशमध्ये टाकावेत.

डिश झाकून सावलीत ठेवावी. सॅप्रोलेग्नियाला १५ ते २० अंश सेल्सिअस तापमान मानवते, त्यामुळे महाराष्ट्रात तिच्यासाठी डिसेंबर-जानेवारी हा चांगला काळ असतो. अ‍ॅक्लिया उबदार पाण्यातही वाढते आणि पावसाळ्यात अधिक सहज मिळते. दोन ते चार दिवसांत बीभोवती पांढऱ्या तंतूंचे वलय दिसू लागते. वलय पाच मिलिमीटरच्या आसपास झाले की बी चिमट्याने उचलून निर्जंतुक पाण्यात दोन-तीनदा खळबळावे आणि नव्या निर्जंतुक पाण्यात नव्याने उकळलेल्या तिळाजवळ ठेवावे. नव्या तिळावर आलेली वाढ पहिल्यापेक्षा पुष्कळ स्वच्छ असते.

बीजाणू सुटण्यास भाग पाडणे

भरपूर अन्न मिळत असेल तोवर पाणबुरशी वाढतच राहते. अन्न तुटले आणि पाणी ताजे, हवेशीर झाले की तंतूंच्या टोकांवर बीजाणुकोश तयार होऊ लागतात, आणि आपल्याला नेमके तेच हवे असते. स्वच्छ वाढ आलेला तीळ संध्याकाळी निर्जंतुक पाण्यात धुऊन नव्या डिशमध्ये ठेवावा, अर्ध्या तासाने ते पाणी ओतून पुन्हा नवे घालावे आणि रात्री झोपण्यापूर्वी आणखी एकदा बदलावे. दुसऱ्या दिवशी सकाळी दहापट वस्तुभिंगाखाली पाहिल्यास तंतूंची काही टोके किंचित फुगलेली, दाट आणि करड्या रंगाची झालेली दिसतात आणि त्यांच्या तळाशी आडवी भिंत आलेली असते. हेच बीजाणुकोश होत.

पाण्याचा खोल थेंब खळगा असलेल्या काचपट्टीत घेऊन त्यात वाढीची कडा ठेवावी. साधी काचपट्टी वापरायची असल्यास आच्छादन काचेच्या दोन बाजूंना कागदाच्या पातळ पट्ट्या द्याव्यात, नाहीतर काचेच्या भाराने बीजाणुकोश चिरडतात. कंडेन्सरचा (काचपट्टीखालच्या, प्रकाश एकवटणाऱ्या भिंगाचा) पडदा बराच मिटवून प्रकाश कमी करावा. चलबीजाणू पारदर्शक असतात आणि भगभगीत प्रकाशात ते दिसतच नाहीत. नवख्यांच्या हातून होणारी ही सर्वांत मोठी चूक आहे.

आता एकच बीजाणुकोश निवडून त्यावर नजर ठेवावी. आतला दाट मजकूर आधी एकसारखा दिसतो, मग त्यावर बारीक भेगा पडल्यासारख्या रेषा उमटतात आणि तो अनेक कोनदार तुकड्यांत विभागतो. काही वेळ या रेषा पुसट होतात व काहीच घडत नाही असे वाटते. नेमका हाच क्षण सोडू नये. थोड्याच वेळात तुकडे पुन्हा स्पष्ट होतात, आत हलकी चुळबुळ सुरू होते, टोकाचा उंचवटा विरघळतो आणि बीजाणू एकामागोमाग एक, पहिले काही वेगाने आणि शेवटचे रेंगाळत, बाहेर पडतात. पूर्ण कोश रिकामा होण्यास बहुधा एक-दोन मिनिटांपेक्षा अधिक वेळ लागत नाही.

पुढे काय घडते त्यावरून प्रजाती ओळखता येते. बीजाणू बाहेर पडताच पोहत दूर गेले तर ती सॅप्रोलेग्निया. तिचे हे पहिले चलबीजाणू नासपतीच्या आकाराचे असतात आणि त्यांच्या दोन्ही कशाभिका पुढच्या टोकाला असतात. ते थोडा वेळच पोहतात, गोल होऊन कवच धारण करतात, आणि काही तासांनी त्याच कवचातून दुसरा चलबीजाणू बाहेर येतो. हा दुसरा मूत्रपिंडाच्या आकाराचा असतो, त्याच्या कशाभिका बगलेतील खाचेतून निघतात आणि तो पहिल्यापेक्षा अधिक काळ व अधिक सफाईने पोहतो. बीजाणू कोशाच्या तोंडाशीच गोळ्याच्या रूपात अडकून राहिले आणि तेथेच कवच धारण केले तर ती अ‍ॅक्लिया. काही तासांनी प्रत्येक कवचातून पोहणारा बीजाणू निघतो आणि मागे रिकाम्या कवचांचा पोकळ चेंडू उरतो. बीजाणूंनी कोशाच्या आतच कवच धारण केले आणि कोशाला जाळीसारखे रूप आले तर ती डिक्टियूकस. पिथियममध्ये कोशातील सगळा मजकूर आधी एका पातळ फुग्यात उतरतो, त्या फुग्यातच त्याचे विभाजन होते आणि आतले बीजाणू गरगर फिरू लागल्यावर फुगा फुटतो.

रिकाम्या कोशाकडे दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहावे. सॅप्रोलेग्नियात जुन्या कोशाच्या आतूनच नवा कोश वाढतो, त्यामुळे एकात एक बसलेल्या भिंती दिसतात. अ‍ॅक्लियात नवा कोश जुन्याच्या खालून, बाजूला फुटतो. बीजाणू सुटण्याची घटका हुकली तरी या खुणेवरून ओळख पटते.

कशाभिका, वेग आणि अंकुरण

जिवंत चलबीजाणूच्या कशाभिका साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसणे कठीण असते. आच्छादन काचेच्या एका कडेला आयोडीन द्रावणाचा छोटा थेंब ठेवावा आणि समोरच्या कडेला गाळणकागद लावून ते आत ओढून घ्यावे. बीजाणू जागच्या जागी मरतात, कशाभिका किंचित रंगतात आणि चाळीसपट वस्तुभिंगाखाली त्यांची संख्या व जागा पाहता येते. पुढच्या कशाभिकेवरचे केस मात्र इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाशिवाय दिसत नाहीत. आयोडीन नेहमी शेवटी वापरावे. एकदा घातले की त्या काचपट्टीवरचे जिवंत निरीक्षण संपते.

वेग मोजण्यासाठी आधी दृष्टिक्षेत्राचा व्यास काढावा. पारदर्शक मोजपट्टी दहापट वस्तुभिंगाखाली ठेवल्यास तो साधारण १.८ मिलिमीटर भरतो आणि चाळीसपट भिंगाखाली त्याच्या चौथाई, म्हणजे सुमारे ०.४५ मिलिमीटर राहतो. नेत्रभिंगानुसार यात फरक पडतो, म्हणून आपल्या उपकरणाचे माप स्वतः घ्यावे. फायटॉप्थोराचा चलबीजाणू सेकंदाला साधारण १०० ते २०० मायक्रॉन अंतर कापतो, म्हणजे चाळीसपट भिंगाच्या क्षेत्रातून तो तीन-चार सेकंदांत निघून जातो. त्यामुळे वेग दहापट भिंगाखालीच मोजावा आणि मोबाइलचे चित्रण हळू गतीने पाहून दोन बिंदूंमधील अंतर काढावे. तापमान लिहिल्याशिवाय वेगाची नोंद करू नये, कारण काही अंशांच्या फरकानेही आकडा बदलतो.

नियमाचा दुसरा भाग, म्हणजे अंकुरण पाहणे, संयमाचा आहे. काचपट्टी ओल्या कागदाच्या घडीवर, झाकलेल्या डिशमध्ये ठेवावी, म्हणजे पाणी सुकत नाही. एक-दोन तासांत गोल झालेल्या काही बीजाणूंमधून बारीक अंकुरनलिका निघालेली दिसते. प्रजीवसुद्धा गोल होऊन कवच धारण करतात, पण त्यांच्यातून अशी नलिका कधीही निघत नाही. थेंबात दिसलेला पोहणारा जीव जिवाणू गिळताना दिसला, किंवा त्याच्या अंगभर केसल (आखूड, केसांसारखे हलते तंतू) हलताना दिसले, तर त्याला लगेच यादीतून वगळावे.

कोरड्या मातीतून अलोमायसीस

कोरडी माती टाकाऊ समजू नये. अलोमायसीस ही उष्ण प्रदेशांतील मातीत आढळणारी खरी बुरशी आहे आणि तिचे जाड भिंतीचे विश्रांती-कोश कोरड्या मातीत वर्षानुवर्षे टिकतात. भातखाचराच्या किंवा पावसाळी डबक्याच्या तळाची, उन्हाळ्यात सुकलेली माती चमचाभर घ्यावी, डिशमध्ये निर्जंतुक पाण्यात भिजवावी आणि वर उकळलेले तीळ सोडावेत. वाढ आल्यास तिच्यातून निघणारे चलबीजाणू मागे एकच कशाभिका असलेले असतात आणि त्यांच्या पोटात केंद्रकावर बसलेली टोपीसारखी दाट रचना चाळीसपट भिंगाखालीही ओळखू येते. पाणबुरशीच्या दोन कशाभिकांशी याची शेजारी शेजारी तुलना केली की हे दोन वेगळे वंश आहेत हे पुस्तकाविनाही पटते.

शैवालांकडे वळताना

शैवालांचे चलबीजाणू हिरवे असल्याने दिसायला सोपे असतात, परंतु ते ठरावीक वेळीच सुटतात आणि ती वेळ बहुतेक वेळा पहाटे किंवा सकाळी असते. दुपारी आणलेल्या नमुन्यात दुपारीच ते शोधणे व्यर्थ असते.

इडोगोनियमपासून आरंभ करावा. पाण्यातल्या वनस्पतींच्या देठांना चिकटलेले, शाखा नसलेले आणि हाताला फारसे बुळबुळीत न लागणारे हिरवे तंतू आणावेत. काही पेशींच्या वरच्या टोकाला एकावर एक बारीक कडी दिसल्यास ओळख पक्की समजावी. हे तंतू निर्जंतुक पाण्यात धुऊन नव्या पाण्यात ठेवावेत, रात्रभर अंधारात राहू द्यावेत आणि उजाडताच खिडकीशी आणून पाहण्यास बसावे. प्रत्येक पेशीतून एकच मोठा चलबीजाणू निघतो. कड्यांजवळ पेशीची भिंत आडवी फाटते, बीजाणू पातळ फुग्यात बाहेर येतो, फुगा विरतो आणि तो पोहू लागतो. त्याचे पुढचे टोक रंगहीन असते आणि त्याभोवती कशाभिकांचे, शंभराच्या आसपास संख्येचे, पूर्ण कडे असते. साधारण तासाभराने हेच रंगहीन टोक पृष्ठभागाला चिकटते आणि त्यापासून नव्या तंतूची पकड तयार होते.

यूलोथ्रिक्स थंड, वाहत्या, स्वच्छ पाण्यात मिळते, म्हणून आपल्याकडे तिचा शोध हिवाळ्यात घ्यावा. तिचे चलबीजाणू चार कशाभिकांचे असतात आणि त्यांवर लाल नेत्रबिंदू असतो. दोनच कशाभिका असलेले, लहान आकाराचे पोहणारे कण दिसल्यास ते बहुधा युग्मक, म्हणजे जोडीने एकत्र येणाऱ्या लैंगिक पेशी असतात. दोन कण जुळताना दिसले तर ते युग्मकच होत, त्यांना चलबीजाणू लिहू नये. नेत्रबिंदू असलेल्या बीजाणूंवर प्रकाशाचा परिणाम पाहण्यासाठी डिशला काळा कागद गुंडाळून एका बाजूला बारीक फट ठेवावी. मध्यम प्रकाशात हिरवे बीजाणू त्या बाजूला जमतात, तर फार तीव्र प्रकाशात ते दूर जातात.

व्हॉशेरियाचा उल्लेख केल्याशिवाय हा भाग सोडवत नाही. ओलसर मातीवर किंवा उथळ पाण्यात गडद हिरव्या लोकरीसारखे पसरणारे, आत आडव्या भिंती नसलेले हे शैवाल. त्याच्या तंतूच्या टोकाला एकच प्रचंड चलबीजाणू तयार होतो आणि त्याच्या सर्वांगावर कशाभिकांच्या जोड्या असतात. तो इतका मोठा असतो की काळ्या पार्श्वभूमीवर साध्या डोळ्यांनाही हिरवा ठिपका म्हणून जाणवतो. ऑस्ट्रियाचे वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रान्झ उंगर यांनी १८४३ मध्ये याचेच वर्णन प्रसिद्ध केले आणि वनस्पती प्राणी होण्याचा क्षण आपण पाहतो आहोत, असा त्याचा अर्थ लावला. वाहत्या पाण्यातून आणलेले व्हॉशेरिया स्थिर पाण्यात ठेवले, किंवा उजेडातून अंधारात नेले, की पुढच्या सकाळी बीजाणू सुटण्याची शक्यता वाढते.

कोकणातील आणि गोव्यातील वाचकांसाठी शैवालांचे एक उदाहरण घराच्या अंगणातच आहे. पावसाळ्यात आंबा, पेरू, चिकू यांच्या पानांवर उठणारे नारिंगी, मखमली ठिपके म्हणजे सेफॅल्युरॉस नावाचे हिरवे शैवाल; त्याचा हिरवा रंग नारिंगी रंगद्रव्याखाली झाकला जातो. ठिपक्यावरच्या मखमलीत उभ्या देठांच्या टोकांवर बीजाणुकोश असतात. मखमल सुईने हलकेच खरवडून निर्जंतुक पाण्याच्या थेंबात घ्यावी आणि थेंब झाकून अधूनमधून पाहत राहावे. पक्व कोशांना पाणी मिळाले की त्यांतून चलबीजाणू सुटतात. झाडावर पाण्याचा हा थेंब पाऊसच पुरवतो, आणि म्हणून हा रोग पावसाळ्यात फोफावतो.

द्राक्षाचा केवडा आणि संत्र्याची मूळकूज

चलबीजाणू पाहण्याचे सर्वांत मोठे मोल शेतकऱ्याला आहे. द्राक्षाच्या केवड्याचा रोगकारक प्लास्मोपॅरा, बटाट्याच्या करप्याचा व सुपारीच्या कोळेरोगाचा फायटॉप्थोरा, आणि आल्याच्या कंदकुजीतील पिथियम हे सगळे याच मार्गाने पसरतात. पानावर किंवा मुळाशी मुक्त पाणी किती वेळ टिकले, यावर त्यांचे यश ठरते.

केवड्यासाठी, अलीकडे फवारणी न झालेले, वरच्या बाजूस तेलकट डाग असलेले ताजे पान निवडावे. फवारणीचा अंश असेल तर थेंबात काहीच घडणार नाही. पान धुऊन, खालची बाजू वर करून ओल्या टिपकागदावर बंद डब्यात रात्रभर अंधारात ठेवावे. सकाळी पांढरी लव आलेली दिसते. ती मऊ ब्रशने निर्जंतुक पाण्याच्या थेंबात झटकावी आणि थेंब २० अंशांच्या आसपास ठेवावा. लिंबाच्या आकाराचे बीजाणुकोश एक-दोन तासांत रिकामे होऊ लागतात. निरोगी द्राक्षपानाच्या खालच्या सालीचा पातळ पापुद्रा याच थेंबात ठेवल्यास चलबीजाणू पर्णरंध्रांभोवती जमून तेथेच स्थिरावताना दिसू शकतात. रोगकारक पानात शिरतो तो तेथूनच.

फायटॉप्थोरासाठी डिंक्या किंवा मूळकूज असलेल्या संत्र्याच्या झाडाखालची माती वरचा कोरडा थर बाजूला सारून, बारीक मुळांसह घ्यावी. सुमारे ५० ग्रॅम माती पसरट भांड्यात चौपट पाण्यात बुडवावी आणि गाळ बसल्यावर संत्रावर्गीय कोवळ्या पानांच्या लहान चकत्या वर तरंगत सोडाव्यात. दोन-तीन दिवसांत चकत्यांच्या कापलेल्या कडांवर बीजाणुकोश येतात. त्या चकत्या ताज्या निर्जंतुक पाण्यात घालून शीतकपाटात पाच अंशांच्या आसपास अर्धा तास ठेवाव्यात आणि मग बाहेर खोलीच्या तापमानात आणाव्यात. थंडाव्यानंतरच्या या उबेने तासाभरात बीजाणू सुटतात. पिथियमही याच चकत्यांवर येतो. फुगा दिसला तर पिथियम आणि बीजाणू कोशातच तयार होऊन बाहेर पडले तर फायटॉप्थोरा, ही वर सांगितलेली खूण येथे कामी येते. थेंबात मोड आलेल्या मुगाचे मूळ ठेवून बीजाणू मुळाच्या टोकामागे, वाढत्या भागाभोवती गर्दी करतात का, तेही पाहावे.

बागेत बुंध्याला पाणी लागू नये म्हणून दुहेरी आळे पद्धतीची शिफारस केली जाते. बुंध्याभोवती एक कोरडे आळे राहते आणि पाणी बाहेरच्या आळ्यातच फिरते, त्यामुळे पोहणाऱ्या बीजाणूला खोडापर्यंतची वाट मिळत नाही. वरील डिशमध्ये बीजाणू सुटताना पाहिलेल्या शेतकऱ्याला ही पद्धत समजावून सांगण्याची गरज उरत नाही.

बोर्डो मिश्रणाचा परिणामही याच थेंबात दाखवता येतो. फ्रान्समधील मेदोक भागात चोरट्यांना परावृत्त करण्यासाठी मोरचूद व चुना शिंपडलेल्या रस्त्याकडेच्या वेली केवड्यातून वाचल्याचे पिएर मिलार्दे यांच्या लक्षात आले आणि १८८५ मध्ये त्यांनी हा उपाय प्रसिद्ध केला. एक टक्का मिश्रणात १०० लिटर पाण्याला १ किलो मोरचूद आणि १ किलो कळीचा चुना पडतो. पोहणाऱ्या बीजाणूंच्या थेंबात मोरचुदाच्या अगदी विरळ द्रावणाचा अंश काडीने लावून पाहावा. हालचाल थांबते आणि बीजाणू फुटतात किंवा गोल होऊन निपचित पडतात. कवच धारण केलेल्या आणि आत शिरलेल्या रोगकारकावर तांब्याचा असा परिणाम होत नाही. म्हणूनच कोकणात आणि गोव्यात सुपारीवरची पहिली फवारणी पावसापूर्वी करतात आणि पुढची सुमारे ४० ते ४५ दिवसांनी पावसाची उघडीप साधून करतात.

काम संपल्यावर

रोगट माती, पाने, चकत्या आणि त्यांचे पाणी बागेत, मोरीत किंवा ओढ्यात ओतू नये. सर्व काही पंधरा-वीस मिनिटे उकळून मगच टाकावे. सॅप्रोलेग्निया माशांवर आणि त्यांच्या अंड्यांवर वाढते, म्हणून तिच्या डिश, ड्रॉपर व हात मत्स्यपेटीपासून दूर ठेवावेत. शीतकपाट वापरल्यास नमुने घट्ट झाकणाच्या, नाव लिहिलेल्या डब्यात, खाद्यपदार्थांपासून वेगळे ठेवावेत. जी वाढ जपून ठेवायची असेल तिचा तीळ दर दोन आठवड्यांनी नव्या निर्जंतुक पाण्यात, नव्याने उकळलेल्या तिळाशेजारी हलवावा. त्यानंतर कोणत्याही संध्याकाळी पाणी बदलून दुसऱ्या सकाळी बीजाणू सुटताना पाहता येतात.